खोडलेलं पान

कृषी विद्यापीठाच्या माळावर एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी एकटेच गोल्फ खेळत. तरुणपणी हैदराबादेत नोकरी सांभाळून, निव्वळ हौसेनं खेळून त्यांनी कप जिंकले होते.

एकदा मारण्याआधीच काठीच्या धक्क्यानं चेंडू बोटभर सरकला. त्यांनी कागदावर स्वतःविरुद्ध दंडाचा एक जास्तीचा फटका मांडला.

"कोण बघायलंय इथं?" मी म्हणालो. मी तेव्हा विद्यापीठाच्या प्रयोगाच्या शेतावर नोंदी ठेवायचो.

"अशानंच एक फायनल हरलो," ते म्हणाले. "म्हणून बाकीचे कप घरात मांडता आले."

नामांतराच्या बंदमुळं आदल्या दिवशी मी ज्वारीची उंची मोजायला गेलोच नव्हतो; वहीत आकडे अंदाजानं भरले होते. ते मी खोडले. साहेब लय रागावले.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी मात्र मी ती वही काढून खोडलेलं पान तेवढं बघितलं.