भांडुपच्या तायडे वकीलबाई उभ्या राहतात

सपना तायडेने आमदारकीला उभं राहायचं ठरवलं ते लिफ्टमध्ये, सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधोमध लटकत असताना. तोवर राजकारण्यांबद्दल तिचं मत तिच्या आईसारखंच होतं, आणि सुंदराबाईंचं मत छापण्यासारखं नव्हतं.

सपनाचे वडील भीमराज बुलढाण्याहून भांडुपला आले आणि एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून चिकटले. शिक्षण सातवी, पण अर्ज करायची दांडगी हौस. टेकडीवरच्या वस्तीत पाणी येत नाही, कर अर्ज. रेशनकार्डावर कुणाची बायको त्याची आई म्हणून छापली गेली, कर अर्ज. त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांनाच लागायचं नाही, म्हणून लिहायला बसायची सपना. नवव्या वर्षी तिला ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ तोंडपाठ होतं. उत्तर फक्त एकदा आलं, तेही भलत्याच वस्तीचं. त्या दिवशी भीमराज म्हणाले, "ह्यांना अर्ज कळत नाही. तू वकील हो. ह्यांना कोर्टाचा कागदच कळतो."

ती झाली. सकाळी लॉ कॉलेज, दुपारी झेरॉक्सच्या दुकानात नोकरी, असं करत झाली. मुलुंड कोर्टात तिच्याभोवती कायम घरकामाच्या बायका आणि रिक्षावाले. बाकीचे वकील तिला ‘जनता दरबार’ म्हणायचे. ती म्हणायची, "या ना, तुमचंही काही अडलंय का?"

पुढे वस्ती पाडली आणि त्या जागी चौदा मजल्यांची इमारत उभी राहिली. भीमराज तोवर गेले होते. मायलेकींना अकराव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट चार महिने चालली आणि बसली. सुंदराबाईंचे गुडघे आधीच गेलेले, त्यामुळे त्या वर अडकल्या. पण त्यांच्यापेक्षा वाईट हाल बाराव्या मजल्यावरच्या नाना शिर्क्यांचे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. चौघंजण त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवायचे.

सपनाने बिल्डरला कोर्टात खेचलं. केस सोपी होती. नियमात लिहिलं होतं की लिफ्ट बिघडली तर बिल्डरने ती ‘वाजवी मुदतीत’ दुरुस्त करावी. बिल्डरचा वकील उभा राहिला आणि त्या ‘वाजवी’ शब्दावर त्याने एकोणीस तारखा काढल्या. तेराव्या तारखेनंतर नाना खुर्ची घेऊन आलेल्यांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या रे. तुमच्या कमरा जातील." पंधराव्या तारखेला नाना नव्हते. त्या दिवशी सपनाला उलटतपासणीत एकही प्रश्न सुचला नाही. लिफ्ट दुरुस्त करायचा आदेश आला, तेव्हा तिने पेढे वाटू दिले नाहीत.

लिफ्ट सुरू व्हायच्या दिवशी मात्र आमदारसाहेब हजर! फीत, हार, फोटोग्राफर. सोसायटीचे सेक्रेटरी गुणाजी परब नारळ घेऊन आत शिरले आणि ‘वकीलबाय व्हयीच’ म्हणून सपनालाही ओढून घेतलं. पाच माणसांची लिफ्ट, त्यात आमदार एकटेच दोघांएवढे. सातव्यानंतर एक हिसका बसला आणि लिफ्ट थांबली.

पहिली दहा मिनिटं आमदारसाहेब फोनवर ओरडले. मग रेंज गेली. मग ते घामाघूम होऊन गप्पांना लागले.

"मॅडम, तुमच्यासारख्यांची समाजाला गरज आहे."

"साहेब, तो ‘वाजवी मुदती’चा नियम तुमच्या सभागृहातूनच आलाय ना?" सपनाने विचारलं. "तुम्ही होतात तेव्हा?"

"होतो की. पाठिंबा दिला आपण."

"वाचला होता?"

आमदार मनापासून हसले. माणूस तसा खोटं बोलणारा नव्हता. "एवढी बाडं कोण वाचतो? पुढच्याने हात वर केला, मी केला."

त्या एका शब्दापायी सपनाने दोन वर्षं घासली होती. ‘वाजवी’ऐवजी ‘सात दिवस’ लिहिलं असतं तर नाना खुर्चीतून नाही, लिफ्टने उतरले असते. आणि तो शब्द लिहिला जात होता तेव्हा हा माणूस पुढच्याचा हात बघत होता. अर्ज करून झाले, केसेस करून झाल्या. आता जिथे हे शब्द लिहितात तिथेच जाऊन बसायला हवं, असं तिला त्या घामट डब्यात अगदी स्वच्छ वाटलं.

पाऊण तासाने मेकॅनिकने दार उघडलं. सपना चार मजले चढून घरी गेली आणि आईला म्हणाली, "मी निवडणुकीला उभी राहतेय."

"तुला बघायला आलेली तीन पोरं तू वाद घालून पळवलीस," सुंदराबाई म्हणाल्या. "मतं कशी देतील गं लोक?" पण अपक्ष उमेदवाराला दहा सूचक लागतात म्हटल्यावर पहिली सही त्यांनीच ठोकली.

प्रचार म्हणजे सपना, तिची स्कूटर आणि मागे कर्णा धरून बसलेली मैत्रीण दीप्ती. सपना नाक्यानाक्यावर कायद्याची कलमं वाचून दाखवायची. दीप्ती मागून चिमटा काढायची, "बस कर यार, लोक जांभया देतायत."

निकालात अपेक्षेप्रमाणे वाट लागली. दोन हजार तीनशे अठरा मतं, चौथा नंबर. आमदार पुन्हा निवडून आले. तिला हरल्याचं वाईट वाटलंच, पण खरी बोच लागली बूथवार मतांचा तक्ता पाहिल्यावर. स्वतःच्या इमारतीत तिला निम्मीसुद्धा मतं नव्हती.

संध्याकाळी ढोल वाजत मिरवणूक गेली. थोड्या वेळाने गुणाजी दारात, हातात विजयी उमेदवाराचा पेढ्यांचा बॉक्स. सवयीने सगळ्या मजल्यांवर वाटत आले होते. सपनाला पाहिलं आणि बिचारे जागीच थिजले.

"काका, मत कुणाला दिलंत?" सपनाने सरळ विचारलं.

"तुका खोटा नाय सांगणार गो," गुणाजी चपलांकडे बघत म्हणाले. "त्येंका दिलंय. तू थय विधानसभेत गेलस तर हय आमच्या केशी कोण लढवतला?"

सपनाला आधी संताप आला, मग हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. सुंदराबाईंनी पुढे होऊन बॉक्स घेतला, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "साजूक तुपातले आहेत. बसा गुणाजी, चहा टाकते. आणि पुढच्या खेपेला हिला मत दिलं नाहीत, तर मी स्वतः उभी राहीन."