उत्तरेला मावळलेला सूर्य

नऊ वर्षांपूर्वी, मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या साली, चांदवडचे एक वर्णन मी या मासिकात छापवले होते. ते मी चांदवड न पाहताच लिहिले होते. हे आजवर आपणहून कोणाला सांगितलेले नाही, घरातही नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका मित्राने तिथल्या रंगमहालाची, म्हणजे भिंतीभर चित्रे असलेल्या जुन्या वाड्याची, हकिकत ऐकवली. मी नाशकात बसून ती लिहून काढली आणि खाली सही ठोकली, ‘एक भटक्या’. लेख जरा हसरा व्हावा म्हणून पानाचा तोबरा भरून घोरणारा एक रखवालदारही पदरचा घातला. चित्रांच्या भिंतींवर त्याच्याच पिंका, असेही लिहिले. लोकांना तोच भाग आवडला.

गेल्या माघात सौ. म्हणाली, “तुमचं चांदवड मला दाखवणार तरी कधी?” टाळायला कारण उरले नव्हते.

सकाळी सातच्या सर्व्हिस मोटारीने निघालो. टपावर कांद्याची पोती, आत माणसे पोत्यांसारखीच. पिंपळगाव बसवंतला मोटारीच्या तोंडातून वाफ निघू लागली. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “हिला पाणी पाजल्याबिगर ही आता हलायची नाय. उतरा मंडळी.” शेजारच्या म्हातारीने मोटारीकडे पाहून सुनावले, “आमची म्हैस बरी. पाणी पिती, पर दूध तरी देती!” विहिरीवरून बादल्या येईपर्यंत आम्ही रस्त्याकडेला बसून पेरू खाल्ले.

पुढे सातमाळ्याची रांग जवळ येऊ लागली. सपाट माथ्याचा एक उंच गड आणि त्याच्या पायथ्याशी गाव, असे चांदवड मी पहिल्यांदा पाहिले. सौ.ला मात्र म्हणालो, “आहे तसंच आहे.”

स्टँडजवळच्या हॉटेलात बाजरीची भाकरी, पिठले आणि मुठीने फोडलेला कांदा मिळाला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले. त्या भरात तोंडून निघून गेले, “मालक, रंगमहालाला कुठून जायचं?”

सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि हातातला घास ताटात ठेवला.

“उस्मानचाचाला संगं न्या,” मालक म्हणाला. “पिंजारी हाय. त्याच्यावाणी तो वाडा कुणालाच ठाव नाय.”

उस्मानचाचा साठीचे, सडपातळ. दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. दारावरच्या नव्या रखवालदाराने त्यांना पाहताच दिंडी (मोठ्या दारातले लहान दार) उघडली. आत कोरीव लाकडी खांबांच्या रांगा, वर नक्षीची तुळई. खाली बारव (पायऱ्यांची विहीर). तिचा गारवा पहिल्याच पायरीवर अंगाला लागला. मी लेखात बारवेचा उल्लेखही केला नव्हता. मित्र सांगायला विसरला असावा.

भिंतींवरची चित्रे फिकी झाली आहेत, पण स्वच्छ आहेत. एकही डाग नाही. चाचांनी कनवटीचा कापसाचा बोळा काढला आणि एका घोड्याच्या पायावरची धूळ हलकेच टिपली. “वल्लं फडकं लावू नाय. रंग येतो,” ते म्हणाले.

सौ. त्यांच्याकडे पाहत होती. एकाएकी म्हणाली, “चाचा, तुम्ही पान खाता?”

“तोबा, बाई! जन्मात नाय.” ते हसले. दात चुन्यासारखे पांढरे होते. “पर तुम्ही कसं इचारलं? मला एकदा पानानंच बुडवलं. हितं मी रखवालदार होतो, माझ्या बापापासनं. कुणीतरी छापलं, रखवालदार पान खाऊन घोरतो, भिंतीवर थुकतो. वाड्याच्या कारभाऱ्यांनी मला बोलावून समदं वाचून दाखवलं. मला कुठं वाचता येतंय?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“त्यात लिवलं व्हतं, गच्चीवरनं पाहिलं तर सूर्य गडामागं मावळला. बाई, गड हाय उत्तरेला! मी म्हनलं, साहेब, ज्यानं सूर्य उत्तरंला बुडवला, त्यानं मला घोरताना कुठनं पाहिलं? समदे हसले. कारभारी बी हसले. पर किल्ल्या घेतल्या.”

“मग अजून इथं येता कशाला?”

“घोड्याच्या पायावर धूळ बसते ना.”

हे बोलताना त्यांनी मला दोनदा ‘मास्तर’ म्हणून हाक मारली. खिडकीची नक्षी पाहा म्हणाले. मी खिडकी पाहिली. ‘तो मीच,’ एवढे दोन शब्द होते. तोंड उघडले आणि विचारले, “गडावर जायला वाट बरी आहे का?”

दुपारी रेणुकेच्या देवळात गेलो. डोंगराच्या कपारीत देवी आहे. सौ.ने ओटी भरली. मी बाहेर पायरीवर चपलांजवळ बसून राहिलो. गड चढलोच नाही. परतीची मोटार येईपर्यंत सूर्य पश्चिमेला, गडापासून चांगला दूर, उतरत होता. मी तो नीट पाहून घेतला.

मोटारीने ओझर गाठले. सौ. म्हणाली, “रंगमहाल कुठं आहे, हे तुम्ही हॉटेलात विचारलंत.”

“हो.”

“मी नऊ वर्षं तो लेख पाहुण्यांना वाचून दाखवते आहे. मला सांगितलं नाहीत ते एक झालं. पण त्यांना का नाही सांगितलंत?”

पंचवटीला आम्ही उतरलो.

घरी येऊन हे लिहिले. संपादकांनी छापायचे कबूल केले आहे, आणि या वेळी खाली माझे खरे नाव असेल. कारभाऱ्यांना अंक टपालाने जाईल. पण उस्मानचाचांना वाचता येत नाही. तेव्हा हे मी चांदवडला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायचे आहे. ते अजून राहिले आहे.