पलटणवाल्याचं घर

आम्ही सोलापूर सोडलं तो दिवस भर उन्हाळ्याचा होता. सकाळचे दहा वाजले असतील. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या वेळी बायका दारात बसून ज्वारी निवडत, आणि हातमागांचा खटखटाट इतका की शेजारणीशी ओरडून बोलावं लागे. त्या दिवशी सगळे माग बंद होते. दारं लावलेली. आत माणसं होती, फटींतून डोळे दिसत होते.

टांगा दाराशी उभा होता. ह्यांनी लोखंडी ट्रंक चढवली, वळकटी चढवली. माझी सासू, आत्या, सांगोल्याला भावाकडे जाणार होती. भाऊ बैलगाडी घेऊन आला होता, पण गल्लीत शिरायला घाबरून तो कोपऱ्यावरच थांबला होता. आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सोने, पोट भरायला परमुलखाला जावं, त्यात कमीपना न्हाय. पर आपल्याच गल्लीतनं अशी तोंड झाकून जायाची पाळी कुनावर येऊ नये."

एकच दार अर्धवट उघडं होतं, शेजारच्या राजम्माचं. ती उंबऱ्यात उभी होती, नजर खाली लावून. तिनं एक शब्द बोलावा म्हणून मी टांग्यात चढताना मुद्दाम उशीर केला. ती बोलली नाही. टांगा हलला तेव्हा मी मनात तिला जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गल्लीतल्या बायांनो, तुम्ही त्या फटींमागे होता म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. आणि इथं जबलपूरला शिपायांच्या फॅमिली लाईनीत माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्या बायांनाही. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. लाईनीतल्या सुभेदारणीनं शिकवलं.

आमचे हे पलटणीत गेले ते सांगोल्याकडे लागोपाठ पाऊस हुकला तेव्हा. शेरडंही राहिली नव्हती. भरतीवाला आला, त्यानं छाती मोजली आणि नेलं. लग्नानंतर मी आणि आत्या सोलापुरात राहायला आलो. आत्या गिरणीत सूत खात्यात जाई, मी राजम्माच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून देई. राजम्मा तेलुगू, विणकराच्या घरातली, विधवा. तिचा एकुलता मुलगा नरसय्या माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, गिरणीत कामाला. त्या दिवसांत ह्यांचं पत्र आलं की किराणा दुकानदार बसलिंगप्पा ते मोठ्यानं वाचून दाखवी आणि अर्धी गल्ली ऐकायला जमे. आमच्या घराला सगळे 'पलटणवाल्याचं घर' म्हणत, आणि म्हणताना जरा मान ताठ करत.

सन तीसच्या उन्हाळ्यात तोच शब्द शिवीसारखा झाला. गावात सत्याग्रहाचं वारं होतं, मिठाच्या पुड्या विकल्या जात होत्या, नरसय्या पांढरी टोपी घालून मिरवणुकीत जाई. बसलिंगप्पा आता पत्रांऐवजी वर्तमानपत्र वाची. एके दिवशी त्यात आलं की वायव्य सरहद्दीवर सरकारी फौजेनं निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, आणि काही शिपायांनी झाडायला नकार दिला. आमचे हे सरहद्दीवरच होते.

दुसऱ्या दिवशी कांड्या द्यायला गेले तर राजम्मानं विचारलं, "सोना, तुझा नवरा कुनातला गं? झाडनाऱ्यातला का नकार देनाऱ्यातला?"

"मला काय ठावं, अक्का," मी म्हटलं.

"ठावं कर की," ती म्हणाली. त्यानंतर तिनं मला सूत दिलं नाही.

आठवड्याभरात हे स्वतःच रजेवर आले. वाळलेले, गालाची हाडं वर आलेली. न्हाव्याकडे गेले तर तो म्हणाला, वस्तरा बोथट झालाय. तीन वेगळ्या न्हाव्यांचा वस्तरा त्या दिवशी बोथट झाला होता. मी घरातल्या कात्रीनं त्यांची दाढी कापली. कात्री गालावरून फिरत होती आणि तोंडात तो प्रश्न आला होता, पण मी विचारला नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी मला त्यांच्याशेजारीच राहायचं होतं, मग विचारून काय करायचं, अशी मनाची समजूत घातली. राजम्मानं मात्र परसातल्या भिंतीवरून थेट विचारलं. हे उठून आत गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गावात गोळीबार झाला, माणसं मेली, जाळपोळ झाली. पोलीस गावाबाहेर गेले आणि काही दिवस आपल्याच पोरांनी गाव चालवलं. नरसय्या चौकात उभा राहून टांग्यांना वाट दाखवी. मग मार्शल लॉ आला. गोरे शिपाई रस्त्यात लोकांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोप्या काढायला लावू लागले. चौकात उभं राहणाऱ्यांची नावं कुणीतरी कागदावर उतरवली होती, त्यावरून घरांच्या झडत्या होऊ लागल्या.

त्या दुपारी हे जेवायला बसले होते. परसातल्या भिंतीवरून राजम्मा आली आणि तिच्यामागे नरसय्या. तिचा पदर फाटला होता. "पलीकडच्या बोळात आलेत," ती म्हणाली. "माझ्या घरात पयलं बघतील. तुमच्या घरात न्हाय बघनार."

आत्या आडवी झाली. "हितं नगं! माझा एकच ल्योक हाय. तो सरकारचं मीठ खातो, धरला तर गोळी घालतील त्येला."

राजम्मा माझ्याकडे बघत होती. मी ह्यांच्याकडे. ह्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "सोना, कणगीच्या मागं जागा कर."

ज्वारीची कणगी आतल्या खोलीत कोपऱ्यात होती. नरसय्याला तिच्यामागे बसवलं आणि वर गोधड्या टाकल्या. राजम्मा भिंतीवरून परत गेली. ह्यांनी खुंटीवरचा गणवेश काढला, पट्टा आवळला, बिल्ला लावला आणि दार सताड उघडून उंबऱ्यावर ताठ उभे राहिले. मी चुलीपाशी बसले. परातीत पीठ घेऊन मळत राहिले, पाणी घालायचंही सुचलं नाही.

बुटांचा आवाज आला. एक गोरा सार्जंट, चार शिपाई, आणि कागद धरलेला एक देशी पोलीस. ह्यांनी खाडकन सलाम ठोकला. सार्जंट थांबला. कुठली पलटण, कुठं होतास, असं काहीबाही विचारलं. हे उत्तरं देत होते. सरहद्दीवरच्या कुठल्याशा ठाण्याचं नाव निघालं तसा सार्जंट हसला, तोही तिथं होता म्हणे. त्यानं सिगारेट पुढे केली. ह्यांनी घेतली.

"अंदर कौन है?" पोलिसानं विचारलं.

"माँ है, औरत है. और कोई नहीं."

पोलीस उंबऱ्यापर्यंत आला. आत्या देवापुढे बसली होती, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. सार्जंट म्हणाला, चल, आणि ते पुढे गेले. राजम्माच्या घरात शिरून त्यांनी भांडी फेकली, मागावरचा अर्धा विणलेला ताणा कापून टाकला. त्याच दुपारी पुढच्या बोळातून दोघांना पकडून नेलं.

तुम्ही फटींतून जे पाहिलंत ते मला ठाऊक आहे. पलटणवाला गोऱ्याशी हसून बोलला, त्याची सिगारेट ओढली, झडती त्याचं घर सोडून पुढे गेली आणि मग दोघं धरले गेले. तुमच्या जागी मीही तेच समजले असते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नरसय्याला हमालासारखं फडकं बांधायला लावलं, रिकामी ट्रंक त्याच्या डोक्यावर दिली आणि स्वतः गणवेशात पुढे चालत नाक्यावरून त्याला गावाबाहेर काढलं. तिथून तो मोगलाईत, निजामाच्या हद्दीत, नातेवाइकांकडे गेला. संध्याकाळी हे ट्रंक घेऊन एकटेच परत आले, तेव्हा आमच्या दारावर शेण फासलेलं होतं आणि गल्लीच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं, "खबऱ्या!"

मी दारात जाऊन सगळं ओरडून सांगणार होते. ह्यांनी माझं मनगट धरलं. "एकाला कळलं की धाला कळतं. पोरगा फासावर जाईल."

"आन आपुन?"

"आपुन जाऊ हितनं."

अशी आम्ही गल्ली सोडली.

ह्यांना जबलपूरच्या छावणीत हजर व्हायचं होतं, तिथं लाईनीत आम्हाला एक खोली मिळाली, पुढे ओटा. भिश्ती पाणी घाली, सकाळी बिगूल वाजला की बायकाही उठत. इथं पलटणवाल्याचं घर म्हणून कुणी मान ताठ करत नव्हतं की दारावर शेण फासत नव्हतं, सगळी घरं पलटणवाल्यांचीच. मी कढईला कढाई म्हणायला शिकले, भाकरीसाठी ज्वारी मिळेना तेव्हा गव्हाच्या रोटीवर आले. रात्री हे झोपेत दात खात. आत्या सांगोल्याला गेली ती तिथंच वारली, आम्ही पोचलो तेव्हा दिवस घालून झाले होते. ह्यांनी पेन्शन घेतली, लाईनीलगतच ओट्याची खोली घेतली आणि रेल्वेच्या फाटकावर नोकरी धरली. सोलापूरचं नाव घरात निघत नसे.

सात वर्षांनी नरसय्याचं पत्र आलं. मुंबईला आता आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं आहे, माझ्यावरचं बालंट गेलं, मी घरी आलो आहे, तुम्ही एकदा या. हे जायला तयार नव्हते. मी आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला.

गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली सतरंजी घातली होती. दुपार होती, सगळी दारं उघडी. नरसय्यानं उभं राहून कणगीपासून नाक्यापर्यंत सगळं सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. बसलिंगप्पा म्हातारा झाला होता. तो हार घेऊन ह्यांच्यापुढे आला. "ज्ञानबा, माझ्या मनात तवाच हुतं," तो म्हणाला. "असला मानूस सरहद्दीवर गोळी झाडनारच न्हाय. तू नकार देनाऱ्यातला, व्हय की न्हाय?"

हे उभे राहिले. "न्हाय, आप्पा. मी झाडली."

त्यांनी बसलिंगप्पाचा हार धरलेला हात खाली केला.

"हुकूम आला, झाडली. समोर कोन हाय ते धुरात दिसलं न्हाय. दुसऱ्या दिशी दिसलं. पोरंबी हुती त्यात. एका नरसय्याला लपवलं म्हनून ते फिटत न्हाय. तुमी हार घालू नगा."

इतक्या वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते असं चारचौघांत कळलं. मागच्या बाजूचे दोघे-तिघे उठून निघून गेले. हे खाली बसले, बसलिंगप्पानं हार बाजूला ठेवला. मग तो सतरंजीवर ह्यांच्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "तुझ्या दारावर शेन मीच फासायला लावलं हुतं, बाबा."

राजम्मानं मला हाताला धरून तिच्या घरात नेलं. ताट वाढलं. मग समोर बसून म्हणाली, "तू निघालीस तवा मी बोलले असते तर पोरगा गेला असता. न्हाय बोलले, तर तू गेलीस. मी पोरगा ठेवला, सोना. तुला काय बोलायचं ते बोल."

टांग्यात बसून मनात जे बोलले होते ते सात वर्षं जपून ठेवलं होतं. मी म्हटलं, "अक्का, अजून एक भाकरी वाढ." ती उठली आणि चुलीकडे तोंड करून रडली.

आम्ही चार दिवस राहिलो आणि परत आलो. काहींनी ह्यांच्याशी बोलणं धरलं, काहींनी नाही, आणि ह्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट परतीच्या गाडीत ते गाढ झोपले. आमच्या त्या घरात आता दुसरं कुटुंब आहे. तिथं जाऊन राहणं होणार नाही, हे मला कळतं.

जबलपुरात कुणी विचारलं, कहाँ की हो, तर सात वर्षं मी 'दक्खन की' म्हणून विषय बदलत असे. परवा शेजारी नवीन आलेल्या बाईनं विचारलं. मी म्हटलं, सोलापूर, शुक्रवार पेठ. तिला ते कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. मग मी ओट्यावर बसले आणि तिला सांगायला लागले.