वेगळा धुतलेला कप

वसंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो, स्टीलच्या ग्लासात. वहिनी एवढंच म्हणाल्या, "गायकवाड, हे गेले हो सकाळी..." मी ग्लास खाली ठेवला आणि त्याच्याकडंच बघत बसलो. महिना होऊन गेला, त्या ग्लासाची लाज अजून जात नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. धंदा रंगारीकामाचा. विश्रांतवाडीत वसंतरावांचा फ्लॅट रंगवायला घेतला, तिथं ओळख झाली. ते कंपनीत इंजिनियर, मशीनचं काम शिकायला रशियात राहून आलेले. मी खिडकीच्या चौकटीला पट्टी मारत होतो, हे मागं उभे. "अहो गायकवाड, चिकटपट्टी न लावता रेघ सरळ येते?" मी म्हणालो, "हात सरळ असला की येते. तुमची येत नसेल." खूप हसले. त्याच दिवशी त्यांनी काचेच्या कपाटातून एक रशियन कप काढला. पांढराशुभ्र, त्यावर हातानं काढलेली निळी फुलं. मॉस्कोच्या जवळ गझेल म्हणून भाग आहे, तिथल्या गावांतून पिढ्यान् पिढ्या हेच काम चालतं, म्हणाले. रंग लावताना काळपट दिसतो, भट्टीतून निघाला की निळा होतो. एका फटकाऱ्यात एक पाकळी, एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला फिकी होत गेलेली... मी कप फिरवून फिरवून बघितला. असा ब्रश मला जन्मात जमला नाही. तोंडानं मात्र तसं म्हणालो नाही.

काम संपलं तरी रविवारी त्यांच्याकडं जायला लागलो. दरवेळी मला चहा त्याच कपात. ते आणि वहिनी साध्या कपांत. पिऊन झालं की वसंतराव तो कप स्वतः उचलणार, वेगळा धुणार, पुसून बाजूला ठेवणार. माझ्या डोक्यात किडा शिरला. गावाकडं माझा बाप ज्यांच्या घरी लाकडं फोडायला जायचा, तिथं बाहेरच्या कोनाड्यात त्याचा कान तुटलेला कप पालथा असायचा. त्यात प्यायचं, आपणच धुवायचा, पुन्हा पालथा घालायचा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा बापानं तो कप दगडावर आपटून फोडला. त्याचा मी मुलगा. विचारायचं सोडून पुढच्या रविवारी मी पिशवीतून स्टीलचा ग्लास काढून टेबलावर ठेवला. "यात ओता. माझं भांडं मी आणलंय."

वसंतराव ग्लासाकडं बघत राहिले. मग त्यात चहा ओतला. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले, चहा सांडायचा, तरी मी ग्लास नेतच राहिलो...

ते गेल्यावर भेटायला गेलो तर वहिनींनी तो कप कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "सेट आणला होता, त्यातला हाच उरला. मलासुद्धा धुवू देत नव्हते, फोडशील म्हणायचे. ब्रश कळणारा एकच माणूस आपल्याकडं येतो, त्याला यातच द्यायचा, असं होतं त्यांचं."

"मग मला बोलले का नाहीत?"

"मी म्हणायचे हो, सांगा त्यांना. तर म्हणायचे, त्यांना तसं वाटलं यात त्यांची काय चूक? आपल्याच लोकांनी वाटायला लावलंय. मी सांगायला गेलो तर स्वतःचा चांगुलपणा मिरवल्यासारखं होईल."

बापाचा राग खरा होता, तो मी आजही सोडणार नाही. पण मी तो भलत्या दारात नेऊन ठेवला, आणि तोंड उघडून एकदा विचारण्याइतकासुद्धा वाकलो नाही.

आता रविवारी मी घरीच त्या कपात चहा घेतो. घोट घेताना पाकळी डोळ्यांसमोर येते, काळ्याची निळी झालेली. पिऊन झालं की उठतो, कप धुतो, पुसतो, फळीवर बाजूला ठेवतो. परवा सून म्हणाली, "बाबा, द्या की इकडं, सगळ्या भांड्यांबरोबर धुते. तो एकटाच वेगळा कशाला धुताय?"

मी म्हणालो, "फोडशील."