लाल पट्टी कुणी काढली

मी तापट आहे हे आमच्या भवानी पेठेत लपून राहिलेलं नाही. लहान मुलांची डॉक्टर असून मी मुलांवर कधी चिडत नाही. चिडते ती त्यांच्या आयांवर, आणि सगळ्यात जास्त चिडायचे ती काउंटर सांभाळणाऱ्या आमच्या बाईवर. अकरा वर्षं ती माझ्याकडे होती. नंबर लावायची, मुलांची वजनं करायची, आणि मी आत ज्या आईला झापलं असेल तिला बाहेर पाणी द्यायची. नवरा चिंचोळी एमआयडीसीत, मुलगी सातवीत. माझं तोंड सुटलं की ती मान खाली घालून काम करत राहायची, आणि चहा येईपर्यंत मी सगळं विसरून जायचे. ती विसरायची की नाही, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

कागदाची कार्डं बंद करून आम्ही सगळं कॉम्प्युटरवर आणलं, तेव्हा कंपनीचा माणूस दोन दिवस शिकवायला आला होता. मला वेळ कुठला! मी तिला म्हटलं, तू शिकून घे, मला लागेल तेवढं सांग. तिनं एका वहीत सगळं लिहून घेतलं. मला फाइल उघडता यायची, औषध लिहिता यायचं, बास.

फाइल शोधायची ती मोबाइल नंबरावरून. पण आमच्याकडची घरं एकत्र, आणि कुणीही आलं तरी नंबर सांगणार तो आजोबांचा. टॉवेलचा कारखाना असलेल्या एका घरातली पाच नातवंडं अशीच एका नंबरावर होती. नंबर टाकला की पाची फाइली एकाखाली एक उभ्या राहायच्या. त्यातली बरोबर कुठली, हे काउंटरवर तीच बघायची. तिला ती पोरं चेहऱ्यानं ओळखू यायची, मला खोकल्यानं.

त्या घरातला थोरला नातू एका संध्याकाळी कान दुखतो म्हणून आजीबरोबर आला. मी तपासलं, औषध लिहिलं. आजीनं चिठ्ठी हातात घेतली आणि विचारलं, हे तेच गुलाबी औषध का? त्यानं मागं याच्या अंगभर चट्टे उठले होते, तोंड सुजलं होतं, आणि पुन्हा कधी द्यायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं. मी फाइल पुन्हा पाहिली. एखादं औषध चालत नसेल तर वरच्या बाजूला लाल पट्टी दिसते. तिथं पट्टी नव्हती. आजी बोलली नसती तर काय झालं असतं, या विचारातच मी औषध बदलून दिलं.

मग पारा चढला. मी बाहेर आले आणि भरलेल्या दवाखान्यात तिला नको नको ते बोलले. लेकरांच्या जिवाशी खेळतेस, नोंदी सांभाळता येत नसतील तर घरी बस, उद्यापासून येऊ नकोस. ती एवढंच म्हणाली, "मी न्हाय काढली, मॅडम." मी तिला पुढं बोलू दिलं नाही. शेवटचा पेशंट जाईपर्यंत ती काम करत राहिली, मग माझ्या टेबलावर किल्ल्या ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर कुणी नव्हतं आणि मन थाऱ्यावर नव्हतं. आपण बरोबरच केलं, असं कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून मी कंपनीला फोन लावला आणि ही पट्टी कुणी काढली ते कळेल का, असं विचारलं. तो माणूस म्हणाला, कळेल की, ऑडिट लॉग आहे ना. कुणी, कधी, काय बदललं, आधी काय होतं, सगळं त्यात राहतं आणि कुणालाच पुसता येत नाही. कुठं बघायचं तेही त्यानं सांगितलं. खरं सांगायचं तर मला पुरावा हवा होता. तिच्या विरुद्ध.

सकाळचे पेशंट संपल्यावर मी लॉग उघडला. तीन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार, दुपारी पावणेदोन. औषधाची नोंद काढली. काढणाऱ्याचं नाव माझं. खाली कारणाचा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं: रिसेप्शनची चूक.

मग सगळं आठवलं. त्या दिवशी बाईच्या मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती म्हणून ती सुट्टीवर होती. त्या घरातली पाची पोरं तापानं फणफणून एकदम आली. माझ्यासमोर धाकटी नात होती. मी नंबर टाकला आणि सगळ्यात वरची फाइल उघडली. ती होती तिच्या याच थोरल्या भावाची. मला लाल पट्टी दिसली. या पोरीला कधी कसला त्रास झाला नव्हता, म्हणजे बाईनं नोंद भलत्याच ठिकाणी टाकली, असं मी धरून चालले. कारण लिहिल्याशिवाय पट्टी निघेना, म्हणून चिडून ते दोन शब्द टाकले आणि पुढच्या पोराला आत घेतलं. नातीचं तापाचं औषधही भावाच्याच फाइलमध्ये पडलेलं होतं.

मला माझीच लाज वाटली. आधी पट्टी परत लावली, औषध योग्य फाइलमध्ये नेलं, आणि त्या पानाचा प्रिंट काढून स्कूटरवरून तिच्या घरी गेले.

ती दारात शेंगदाणे निवडत बसली होती. मला बघून उठली, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी उभ्यानंच सांगितलं की पट्टी मीच काढली होती, तुझा काही दोष नव्हता, मी फार वाईट वागले. आणि कागद पुढं केला. तिनं त्यावर नुसती नजर टाकली आणि परत दिला.

हे तिनं पाहिलं होतं. किल्ल्या ठेवण्याआधी, त्याच संध्याकाळी. लॉग कसा बघायचा हे कंपनीच्या माणसानं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"मग तेव्हाच दाखवलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुमी इचारलं कुटं, मॅडम? तुमी सांगितलं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

परत येशील का, असं मी विचारलं. सोमवारी येते म्हणाली, पण इथं जे बोललात ते तिथं सगळ्यांसमोर बोलायला हवं. सोमवारी भरलेल्या दवाखान्यात मी ते बोलले. ती मान वर न करता नंबर लिहीत होती.

त्याच सकाळी एका बाळाच्या फाइलमध्ये मला एकाच दिवसाची दोन वजनं दिसली. जिभेवर शब्द आले होते. मी तिला आत बोलावलं, हे कसं झालं असेल म्हणून विचारलं, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले.