केस पांढरे चालतील

रविवार, दुपारचे साडेतीन. आळेफाटा, सोपानच्या गॅरेजवरची खोली. पडद्यावर बर्फाचा डोंगर, डोंगरावर दोघं चाललेत. तो कानापर्यंत लोकरीच्या कोटात. ती उघड्या पोटाने, आखूड झग्यात, उंच टाचांच्या सँडलवर.

सोपानने कंट्रोलर मांडीवर ठेवला. "राव, हिला थंडी कशी वाजत न्हाई?"

मी बातमीदार आहे. उभी हयात जुन्नर-आंबेगावच्या बातम्या देण्यात गेली. किस्से पोलीस ठाण्यात जमतात, तहसील कचेरीत जमतात, ग्रामसभेत तर पोत्याने जमतात. पण या खोलीइतके कुठेच नाहीत. गॅरेजच्या कोपऱ्यात जुने नटबोल्ट साठतात ना, तसे. मुद्दाम कोणी साठवत नाही आणि फेकवतही नाहीत!

आमचं मंडळ चौघांचं. सोपान खाली ट्रक खोलतो आणि वर जपानी गेम खेळतो. पल्लवी ओतूरच्या कॉलेजात पी.टी. शिकवते. शबाना जुन्नरच्या बांगडीवाल्यांची मुलगी, ॲनिमेशनचा कोर्स केलेली. चौथी मी, वयाने सगळ्यांत मोठी आणि आवाजानेही. गेम एकाच जातीचे: आपली टोळी जमवायची, गावोगाव हिंडायचं, चिलखतं विकत घ्यायची, राक्षस मारायचे.

लोक मला विचारतात, "ताई, बिबट्याच्या बातम्या सोडून हे काय?" बिबट्यावर मी लिहितेच. पण घराघरांतली पोरंपोरी तासन्‌तास जे बघतात, त्यात बाई कशी दाखवलीय, हीसुद्धा बातमीच आहे. छापत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

*

गेममधल्या दुकानातून आम्ही एक लोखंडी चिलखत घेतलं. हिरोला घातलं, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लोखंड. तेच काढून हिरॉइनला घातलं, तर आटून चोळीएवढं झालं! खाली आकडा मात्र तोच. संरक्षण तेवढंच.

"म्हणजे हिच्या पोटाला बाण लागतच नाही?" पल्लवीने विचारलं.

"मॅडम, ती जादू असती."

"मग तीच जादू त्याच्या पोटावर करा की!"

सोपान हाडाचा मेकॅनिक. वाद घालण्यापेक्षा खोलून बघणारा. त्याने हिरोचं चिलखत उतरवलं आणि त्याला तसाच राक्षसापुढे उभा केला. दोन फटक्यांत हिरो आडवा.

सोपान गंभीरपणे म्हणाला, "जादू निस्ती लेडीजला हाय."

*

एका गेममध्ये आपला चेहरा आपणच बनवायचा असतो. मी म्हटलं, माझा बनवा. पन्नाशी उलटलेली, डोळ्याखाली काळं, कपाळावर आठ्या.

आधी पुरुषाचं पान उघडलं. सुरकुत्या होत्या, ढेरी होती, फुटका डोळा होता, दाढ्यांचा तर बाजार भरला होता. मग बाईचं पान. तिथे वयाची एक पट्टी होती. सोपानने ती सरकवत सरकवत पार टोकाला नेली. केस पांढरेशुभ्र झाले. चेहरा तसाच, सोळा वर्षांचा!

"ही मी?" मी ओरडले. "ही तर माझ्या भाचीची मुलगी दिसते!"

"ताई, फिल्टर समजा."

"बातमीदाराला फिल्टर लावतोस?"

सगळे हसले. शबाना हसली नाही. ती तेव्हा नुकतीच पुण्यातल्या एका कंपनीत लागली होती, घरूनच काम करायची. जपानच्या एका गेमची चित्रं ती कंपनी काढून द्यायची. शबाना अजून कायम झालेली नव्हती. पहिल्या मोठ्या कामावर ते ठरणार होतं.

"ताई, मला तेच काम मिळालंय," ती म्हणाली. "हिरोला लढाई शिकवणारी गुरू. वयस्क बाई, असं कागदावर लिहून आलंय. बघा तुम्ही. एक तरी खरी म्हातारी पडद्यावर लढताना दिसणार. मी दाखवणार."

*

मध्ये हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी लिहिते.

सोपानने एका गेममध्ये एक सुंदर लढवय्यी टोळीत घेतली. कमरेपर्यंत केस, कानात मोती, रेशमी अंगरखा, हातात फुलांचा पंखा. चांगली चांगली शस्त्रं तिलाच. आम्ही चिडवायचो, वहिनींना सांगू का म्हणून! पुढे एका प्रसंगात राजा तिला मिठी मारून म्हणाला, "माझा पुत्र!"

सोपान पडद्याजवळ सरकला. "आयला, हा बाप्या हाय?"

"काढून टाक मग," पल्लवी म्हणाली.

"कशाला? लई चांगला लढतो. ऱ्हाऊ द्या."

मला सोपानचं कौतुक वाटलं आणि गेमवाल्यांचंही. पुरुषाने मोती घातले, केस सोडले, तरी कुणाचं अडत नाही. म्हणजे मन मोठं करता येतं त्यांना! पुरुषाला सुंदर व्हायची मुभा आहे. बाईला म्हातारं व्हायची तेवढी नाही.

*

शबानाला म्हातारी इंटरनेटवर सापडेना. सोपान म्हणाला, "आमची हौसाकाकू बघा की."

हौसाकाकू म्हणजे सोपानची चुलती. बेल्ह्याच्या बाजारात बैल विकते. बाजाराच्या दिवशी शबाना आणि मी गेलो. तिथले जुने व्यापारी भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरून बोटांनी ठरवतात. आता परक्या बाईचा हात उपरण्याखाली कोण धरणार? म्हणून काकू भाव ओरडून सांगते. सगळा बाजार ऐकतो, आणि शेजारच्यांचे गुपचूप चाललेले सौदे मोडतात!

डावा पाय पुढे, उजवा हात कमरेवर, काष्ट्याला खोचलेला कोयता, हनुवटीवर बैलाचं शिंग लागल्याची खूण. शबाना चित्र काढत होती. पायाशी आली तेव्हा थांबली. काकूच्या उजव्या पायातलं जोडवं झिजून तुटलेलं होतं. काकूने त्याला तांब्याची तार गुंडाळली होती.

"हे पण काढू का काकू?"

"काढ की. माझंच हाय." मग काकूने विचारलं, "चित्र लावनार कुठं?"

"गेममध्ये. तुम्ही राक्षसाशी लढणार."

"राक्षस या दलालांपरीस वंगाळ हाय का?"

"नाही."

"मग जमंल."

*

चित्र गेलं. कंपनीतले सर शबानाशी व्हिडिओ कॉलवर बोलले. ती वडिलांच्या दुकानात बसली होती, मीही तिथेच होते.

"छान आहे," सर म्हणाले. "फक्त थोडी यंग करा."

"सर, वयस्क बाई मागितली होती."

"हो, केस पांढरे चालतील. चेहरा पंचविशीतला घ्या. कंबर बारीक. आणि कोयता नको, हातात काठी द्या. हिला आपण जखमा बऱ्या करणारी करू."

"सर, तिच्या हातात काठी दिली तर जखमा वाढतील."

मी फिसकन हसले. सर हसले नाहीत. "शबाना, म्हातारी बाई कोणी निवडत नाही. सोमवारपर्यंत बदलून पाठवा. तुमचं कायम व्हायचं त्यावरच आहे."

फोन बंद झाल्यावर तिचे अब्बा काउंटरवरून म्हणाले, "बेटा, गिऱ्हाईकाला पाहिजे ती बांगडी दाखवावी."

"दाखवते ना अब्बा. पण बांगडी बसली नाही तर तुम्ही गिऱ्हाईकाचा हात तासता का?"

अब्बांनी काचेवरची धूळ पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाले, "नको बदलूस."

तिने बदललं नाही. सोमवारी तीच हौसाकाकू पुन्हा पाठवली, जोडव्यासकट. त्या आठवड्यात तिचं काम थांबलं. पुढच्या रविवारी ती नेहमीच्या वेळेला खोलीवर आली आणि नवी म्हातारी काढायला बसली. "एक नाकारली म्हणून म्हाताऱ्या संपल्या का?" म्हणाली.

*

यंदा तो गेम बाजारात आला. सोपानने पहिल्याच दिवशी घेतला, आणि रविवारी काकूला मोटारसायकलवर मागे बसवून बेल्ह्याहून घेऊन आला. चित्र नाकारलंय हे तिला माहीत होतं. "माझ्या जागी कोन आली ती तरी बघू," म्हणाली.

हिरो गुरूच्या दारात गेला. दार उघडलं.

म्हातारा. भरघोस पांढरी मिशी, छातीपर्यंत दाढी. डावा पाय पुढे. उजवा हात कमरेवर. कमरेला कोयता. हनुवटीवर, दाढीतूनही दिसेल अशी, खूण.

शबानाने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"हा कोन बाबा?" काकूने विचारलं. "उभा तर माझ्यासारखा हाय."

मी तिथूनच सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. नाव सांगितलं, पेपर सांगितला, प्रश्न विचारला. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, योगायोग आहे. कोयता जगात सगळीकडे असतो. उभं राहायची पद्धत काय कुणाच्या मालकीची असते? ते पात्र आमच्या टीमने पहिल्यापासून पुरुष म्हणूनच काढलंय."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या रेघेपासून."

काकू उठून पडद्याजवळ गेली होती. "सोपाना, बाबाचं पाय दाव."

सोपानने कॅमेरा खाली आणला. मिशी गेली, दाढी गेली, कोयता गेला. पावलं आली.

"सर," मी म्हटलं, "तुमच्या म्हाताऱ्याच्या पायात जोडवी का आहेत?"

सर म्हणाले, "बघून सांगतो."

त्यानंतर मी त्यांना पुन्हा विचारलं, त्यांच्या वरिष्ठांना विचारलं, लेखीही विचारलं. विचारते आहे. गेम दुकानात आहे, कुणीही घरी आणून कॅमेरा खाली करून बघावं. म्हाताऱ्याला मिशी आहे, दाढी आहे. दोन्ही पायांत जोडवी आहेत. उजव्या पायातल्या जोडव्याला तांब्याची तार गुंडाळलेली आहे.