भाऊजींची पहिली कॅसेट

आमच्या भाऊजींइतका आभारी माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिंदी मेघेत किराणा दुकान, पण जीव सगळा भजनी मंडळात. गाणं रंगात आलं की ऐकणारा कुणी मंडळाला पैशाची नाहीतर पानसुपारीची भेट द्यायचा, आणि भाऊजी हात वर करून, गाणं मध्येच थांबवून त्याचं नाव पुकारायचे, 'मंडळ आभारी आहे.' ही सवय इतकी मुरलेली की बहिणीने ताटात भाकर वाढली तरी मंडळ आभारी असायचं. ती म्हणायची, "मंडळाले म्हणा, भांडे घासाले या."

कॅसेटचे दिवस होते ते. मंडळाने पहिली कॅसेट काढायचं ठरवलं आणि नागपूरला मलाही सोबत नेलं. घराण्यात कॉलेज शिकलेला मी पहिलाच, आणि याचा अभिमान मला आहेच; पण भाऊजींना माझ्याहून जास्त. हाकसुद्धा 'बीए' अशीच मारायचे. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्याने खोकायचीही बंदी घातली होती. पहिलं कडवं झकास झालं आणि भाऊजींचा हात वर गेला. ढोलकी थांबली. "पवनारच्या मोठ्या काकांकडून पानसुपारीची भेट, मंडळ आभारी आहे." त्या बंद खोलीत ना काका, ना पान. मी थिजलोच. नावाशिवाय पुन्हा घेतलं, तर भाऊजींना दुसरं कडवंच आठवेना. शेवटी रेकॉर्डिंगवाल्याने हात टेकले आणि बोरगाव मेघेपासून पवनारपर्यंतची माणसं बसल्याजागी दाते झाली. शेवटच्या गाण्यात मात्र भाऊजी म्हणाले, "माह्या बाबांकडून आशीर्वादाची भेट." हे बाबा म्हणजे पोराचा सूर कानावर पडला की उठून जाणारे. मंडळ सुरू झाल्यापासून त्यांनी भाऊजींशी कामापुरतंही धड बोलणं ठेवलं नव्हतं.

परतताना मी विचारलं, बाबांनी आशीर्वाद दिला कधी?

"नाई देल्ला, बीए. पण नाव घेतलं का माणसाले द्याच लागते."

कॅसेट दुकानात विकायला आली आणि मी पुन्हा थक्क. नाव असलेले दोन-दोन घेऊन गेले; नसलेले भांडायला आले, आमचं काऊन नाई, आम्ही काय मेलो का! बातमी बाबांपर्यंत जाणारच होती. एका दुपारी ते दुकानात येऊन उभे राहिले आणि कॅसेट लावायला सांगितली. शेवटचं गाणं पुरतं ऐकलं. बहिणीने पदर तोंडाशी धरलेला, भाऊजी तागडीत काही नसताना तागडीकडे बघत.

"मी असं काही देल्लं नाई," बाबा म्हणाले. "आन तू गावभर सांगून बसला. आता मले खोटा पाडतं का?"

भाऊजींनी रिकाम्या तागडीत एक वजन ठेवलं आणि परत काढलं.

"उद्यापासून संध्याकाळचं दुकान मी पाह्यतो. तू जाजो मंडळात."

मंडळात बाबा शेवटपर्यंत आले नाहीत. पण बहीण सांगते, संध्याकाळी तिकडून आवाज यायला लागला की ते गिऱ्हाइकाला हातानेच थांबवायचे, आणि कडवं संपल्यावर साखर जोखायचे.